पंपाची गावपळण

"अहो मावशी! पाणी गेलं! डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

नव्या न्हाणीघरातून पुण्याचा पाहुणा दाराला आतून थापा मारत होता आणि रुक्मिणी विहिरीच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती. पंपाच्या स्विचच्या पेटीला तिनं कुलूप घातलं होतं. किल्ली कमरेला खोचलेली.

सकाळी सहाला भरलेली पाचशे लिटरची टाकी चार माणसांनी नऊ वाजायच्या आत रिकामी केली होती. समुद्रात डुंबून यायचं आणि मग तोच समुद्र धुऊन काढायला तास तास शॉवरखाली उभं राहायचं! खाऱ्या पाण्याचा एवढा तिटकारा, तर डुंबायला जावं कशाला माणसानं? म्हैस धुवायलासुद्धा एवढं पाणी लागत नाही, आणि म्हैस निदान दूध तरी देते.

देवेश धावत आला. तिचा एकुलता एक मुलगा. मागच्या दारच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन घर चालवायचा.

"आये, चावी दी."

"दिवचंय नाय."

"गिऱ्हाईक आसा गो तो! साबण लावन उभो आसा!"

"मगे उभो ऱ्हवांदे. मी हाडतंय तेका पाणी."

तिनं पदर खोचला, दोराला कळशी बांधली आणि विहिरीत सोडली. खोल्या झाल्या तेव्हा देवेशनं रहाट काढून टाकला होता. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून साठीची ही बाई आपल्यापुरतं पाणी नुसत्या हातांनी ओढायची. पंपाचं पाणी तिनं चुलीवर चढवलं नव्हतं. कळशी बादलीत ओतून तिनं ती न्हाणीघराच्या दाराशी नेली आणि शाळेतल्या साहेबांशी बोलायची तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "दादा, दारात बादली ठेवलीय. पुरवून वापरा. आमच्याकडे एवढ्यात नवरदेव न्हाऊन निघतो."

दुपारी देवेशनं मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "बघ, दोनच तारे दिल्यान! खाली लिवल्यान, पाण्याची बोंब."

"आभाळात रग्गड आसत. ह्ये दोन घेवन मी काय करू?"

त्याची बायको तन्वी सुपातले तांदूळ निवडत होती. तिला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं मान आणखी खाली घातली.

आता कुणी म्हणेल, म्हातारी तऱ्हेवाईक. वाडीत म्हणायचेच. पण रुक्मिणीची पाण्याची शिस्त आजची नव्हती. तिच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी गुरांच्या आंबोणात जायचं. भांडी राखेनं आणि नारळाच्या सोडणानं घासायची, म्हणजे एका पाण्यात निघतात. न्हाणीच्या शिळेपासून तिनं स्वतः खणलेला पाट आधी अळवाला, मग केळींना आणि उरलं तर माडाच्या मुळाशी जायचा. घरातलं पाणी दोनदा कामाला आल्याखेरीज जमिनीत जायचं नाही. आणि हे शिकवलं होतं तिच्या सासऱ्यानं, ज्यानं ही विहीर खणली त्यानं.

"बावीतला पाणी म्हणजे पेज," तो म्हणायचा. "वरची निवळ हळूच घेवची. पळी तळाक घातलंस काय सगळा ढवाळला."

समुद्र घरापासून अर्ध्या मैलावर. जमिनीखाली तो आणखी जवळ. पावसाचं गोडं पाणी खाऱ्याच्या वर निवळीसारखं तरंगत असतं. हळूहळू काढलं तर वर्षभर पुरतं, ओरबाडलं की खालचं खारं वर येतं. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. शेजारच्या बाबलीचं परसू बघितलं तरी पुरे. बाबलीनं चार खोल्या काढल्या, दोन हॉर्सपॉवरचा पंप बसवला, तीन वर्षं ऐटीत काढली. चौथ्या वर्षी त्याच्या चहातलं दूध फाटायला लागलं. पाचव्या वर्षी माडांचे नारळ लिंबाएवढे झाले. आता फाल्गुन लागला की त्याच्या दारात टँकर उभा. भर पावसाळ्यात ज्याच्या अंगणातून होडी जाईल, तो माणूस मार्चमध्ये पाणी विकत घेतो. ह्याला कर्माची गोष्ट म्हणायचं, दुसरं काय!

वाडीत गोडी विहीर उरली होती ती एकट्या रुक्मिणीची.

आणि तिथे पंप बसवू दिला तोही तिनंच. चूक तिचीच होती, आणि ती तिला रात्रंदिवस टोचायची. पण का बसवू दिला? तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. लग्नाच्या एकविसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा तिनं मनाशी जमवून पाहिलं, तर त्यातली जेमतेम तीन वर्षं तो घरात होता. पुढे देवेशही मुंबईला गेला. नऊ वर्षांनी तो म्हणाला, "आये, मी हयच ऱ्हवतंय, दोन खोल्ये काढूया," तेव्हा त्या बाईला दुसरं काही ऐकूच आलं नाही. रहाट काढतो म्हणाला, काढ. पंप बसवतो म्हणाला, बसव. मुलगा घरात जेवणार, ह्यापुढे रहाट तो काय!

पण यंदाची दिवाळी झाली आणि डाळ शिजेना.

रुक्मिणीनं गावच्या शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवली होती. शाळेच्या बोअरच्या पाण्यात डाळ दगडासारखी राहायची, म्हणून ती रोज तीन कळश्या आपल्या विहिरीतून डोक्यावरून न्यायची. वाडीतली निम्मी तरणी माणसं त्या पाण्यावर वाढलेली. पाणी गोडं की खारं हे जिभेला कळायच्या आधी तिच्या डाळीला कळायचं. पाऊस जाऊन जेमतेम महिना झालेला, विहीर तुडुंब असायची वेळ, आणि तुरीची डाळ दोन लाकडं जास्त जाळूनही बोटाखाली टणक.

"देवेशा, बाव बिघडता हा रे."

"कुकर घे."

"कुकरात डाळ शिजात. बाव शिजात काय?"

"बरा, नमुनो ओरोसाच्या लॅबीत पाठवतंय. तपासून कागद देतत."

"पाठव. तेंचो कागद येयसर हय वरण शिजान थंड होतला."

पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नमुना गेला नाही आणि पंप थांबला नाही. म्हणून तिनं आचऱ्याच्या बाजारातून कुलूप आणलं.

त्या दोन ताऱ्यांच्या दिवशी संध्याकाळी देवेश तिच्यासमोर येऊन बसला. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं.

"आये, सरळ सांगतंय. पंप बंद तर खोल्ये बंद. खोल्ये बंद तर मी मुंबयक जातंय. तन्वीक पण घेवन जातंय. मगे बस तू बाव राखीत."

समोरची पेज तशीच निवत राहिली. कमरेची किल्ली काढली, त्याच्या पुढ्यात ठेवली आणि उठून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं वाढलेलं पान टाकलं.

मार्गशीर्षात देवानं गावपळणीचा कौल दिला.

आचऱ्याची गावपळण साऱ्या मुलखाला ठाऊक. ह्या गावाची लहान, पण नेम तोच. तीन वर्षांतून एकदा देवाचा हुकूम होतो आणि तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर. माणूस नाही, गुरं नाहीत, कोंबडी, कुत्रं, मांजर काही मागे ठेवायचं नाही. चुली थंड, दारं बंद. वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं आणि चौथ्या दिवशी देवानं परतीचा कौल दिला तरच आत पाऊल टाकायचं. पाहुण्यांची बुकिंगं असतील तर ती रद्द. बाबलीनं कपाळाला हात लावला, देवेशनं लावला, पण देवाशी हुज्जत कोण घालणार?

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं. खुराड्यातल्या कोंबड्या, पोत्यात मांजर, वासरू बाबलीच्या गुरांबरोबर पुढे गेलेलं. रुक्मिणी मात्र विहिरीपाशी. तिनं पाण्याच्या पातळीला आतल्या चिऱ्यावर चुन्याची रेघ ओढायला लावली, तन्वीला पायऱ्यांवरून खाली उतरवून. मग तेलाचा रिकामा, धुतलेला कॅन विहिरीच्या पाण्यानं भरून बूच घट्ट लावलं. आणि पंपाकडे बोट दाखवून म्हणाली, "आनी ह्यो?"

"ह्यो काय?" देवेश म्हणाला.

"ह्येका पण सोडव. पाणी पिणारा कोण गावात ऱ्हवूचा नाय, असो नेम आसा. ह्यो तर आमच्या सगळ्यांपरास जास्त पिता."

देवेश खो खो हसला. किती दिवसांनी! हसता हसता त्याच्या मनात आलं असावं की रिकाम्या गावात पंप उघड्यावर टाकण्यापेक्षा बरोबर असलेला बरा. त्यानं पाना आणला, नट सोडवले आणि पंप उचलून टेम्पोत कोंबड्यांच्या शेजारी ठेवला. वेशीवर पोचेपर्यंत बातमी सगळीकडे झाली. 'रुक्माकाकीन पंपाक गावपळणीक हाडल्यान!' बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी त्याला कुंकू लावून ठेवलं.

"काकी, तेचा नाव रेशनकार्डार घातलंस काय?" बाबलीनं विचारलं.

"तुझ्या पंपाचा आसा काय? तो माझ्यापरास थोरलो."

तीन दिवस मजेत गेले. भजनं झाली, खेळ झाले, माशांची कढी झाली. पाणी आणायचं ते खालच्या ओढ्यावरून, व्हाळावरून, चढ चढून. देवेश दोन हंडे घेऊन दिवसातून दोनदा जायचा. त्या चार हंड्यांत तिघांचं पिणं, जेवण, आंघोळ, भांडी सगळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी कुणा पोरानं लोटाभर पाणी उगाच ओतलं तेव्हा देवेशच त्याच्या अंगावर ओरडला. रुक्मिणीनं ते ऐकलं. ती तांदूळ धूत होती, धूत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला. गावच्या मानकऱ्यानं, दाजींनी, उभ्यानं गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं आणि खोपी मोडायला सुरुवात झाली. देवेशनं पंप उचलायला हात घातला. संध्याकाळी त्याचे सहा पाहुणे यायचे होते.

"तेका हात लावू नको," रुक्मिणी म्हणाली.

"आता काय?"

"माणसांक कौल मिळालो. गुरांक मिळालो. पंपाक खंय मिळालो?"

आधी हशा झाला. मग ती पंपासमोर पाय रोवून उभी राहिलेली बघून हसू थांबलं. लोक जमले. दाजी काठी टेकत पुढे आले. सत्तरी उलटलेले, पण डोळे मिस्कील.

"रुक्मिणी, तुका पंपासाठी कौल व्हयो? देवाक विचारूया?"

"देवाक कित्याक तरास, दाजीनू? डाळीक विचारूया."

तिनं कॅन पुढे ठेवला. हे गावपळणीच्या आधीचं, पंप चालू असतानाचं पाणी. आताचं पाणी विहिरीतून आणायला ती तन्वीला घेऊन वेशीच्या आत गेली. अर्ध्या तासानं दोघी आल्या, तन्वीच्या डोक्यावर कळशी. तन्वी एरवी चारचौघांत बोलायची नाही. आज कळशी उतरवायच्या आधीच म्हणाली, "दाजीनू, चुन्याची रेघ दिसणा नाय. वितीभर पाणी चढला हा."

देवेशनं तिच्याकडे बघितलं. तिनं नजर खाली घातली नाही.

तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या. दोन सारखे टोप, दोन सारख्या मुठी डाळ, एकाच मोळीतली लाकडं. "एक चूल जास्त पेटता," बाबली म्हणाला. तो म्हणेपर्यंत रुक्मिणीनं फडक्यानं धरून टोपांची अदलाबदल केलीसुद्धा. वीस वर्षं साहेबांसमोर खिचडी शिजवलेली बाई ती, तिला कोण शिकवणार! गाव ताटकळत उभा होता. घरी जायचं सोडून माणसं डाळीकडे बघत होती. पाऊण तासानं तिनं पळीनं दोन्हीतली डाळ केळीच्या पानावर काढली आणि दाजींपुढे धरली.

दाजींनी बोटानं दाबलं. कळशीच्या पाण्यातली डाळ पिठासारखी मोडली. कॅनच्या पाण्यातली दाण्या दाण्यानं बोटाखालून सटकली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिली, मग पान बाबलीकडे सरकवलं. बाबलीनं टणक दाणा चावला. ती चव त्याच्या ओळखीची होती.

"तीन दीस बावीक कोणी ढवाळूक नाय," रुक्मिणी म्हणाली. "माझ्याच नाय, तुमच्या पण. पंप काय वायट नाय रे. पण तेका पोट आसा, ता भरल्याचा कळणा नाय."

देवेशचा चेहरा लाल झाला होता. एवढ्या लोकांत! त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज फाटला. "आये, तुका बाव व्हयी काय मी, तुझो झील?"

बायकांनी हनुवटीला बोटं लावली. रुक्मिणीच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. ह्या प्रश्नाला ती महिनाभर भीत होती, आणि आता तो आलाच होता, तर भ्यायचं काय उरलं?

"माका दोनव व्हयी. पण आयक. बाव गोडी ऱ्हवली तर तू मुंबयक गेलंस तरी एक दीस परत येतलंस. बाव खारी झाली तर हय बसान पण काय पितलंस? बाबलीचो भाऊ हयच होतो ना? बाव गेली, मगे तो गेलो. पोरा घेवन गेलो. तुझ्या बापाशीची वाट बघलंय, तुझी बघलंय, आनीक बघीन. माका सवय आसा. पण ह्यो पंप माझ्या बावीर परत बसूचो नाय. मी जिती आसय तवसर नाय."

देवेशनं हातातला पाना जमिनीवर टाकला. मोटारसायकलला किक मारली आणि मिठबावच्या रस्त्याला धूळ उडवत निघून गेला.

लोक हळूहळू पांगले. पंप फणसाखाली राहिला, कपाळाचं कुंकू तसंच. रुक्मिणीनं त्याच्यावर एक झावळी टाकली, वासराचं दावं सोडलं आणि तन्वीबरोबर गावात गेली. घरी जाऊन तिनं चूल पेटवली, ती शिजलेली डाळ फोडणीला टाकली आणि तिघांची पानं घेतली. तन्वीनं विचारलं, "आई, ते जातले?"

"जातलो तर जेवन जाऊंदे," रुक्मिणी म्हणाली. लक्ष मात्र तिचं रस्त्याकडे होतं, आणि फोडणी थोडी करपली.

उन्हं कलली तेव्हा मोटारसायकलचा आवाज आला. मागे पंप बांधलेला. रुक्मिणी उठली, पदर खोचला आणि विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. आता पोटचा पोर झाला तरी काय झालं!

देवेशनं पंप उतरवला. तिच्याकडे न बघता तो विहिरीवरून पुढे गेला, लाकडांच्या खोपीत शिरला आणि हात झाडत बाहेर आला.

"राट खंय आसा?"

रुक्मिणीला आधी कळलंच नाही. "काय?"

"राट गो, राट. खंय ठेवलंस?"

"माळ्यार. उजव्या आंगाक."

तो शिडी लावून चढला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला रहाट घेऊन उतरला, गाठ सोडली आणि चाक हातानं फिरवलं. ते गरगरत राहिलं. कणा खोबरेलानं चकचकत होता.

"दोन वरसा पडान होतो. ह्येका तेल कोणी लावल्यान?"

रुक्मिणी अळवाची वाळलेली पानं खुडायला वाकली.

त्यानं रहाट बसवला, दोर ओवला. ओढताना हात चुकत होते. पहिली कळशी वर येईपर्यंत निम्मी सांडली.

"सांडू नको."

"सांडत नाय." मग थोड्या वेळानं, दुसरी कळशी सोडता सोडता, तो म्हणाला, "सगळ्यांक फोन केलंय. शॉवर नाय, बादली मिळात म्हणान सांगलंय. सहांतले चौघे नको म्हणाले. दोघा येतत."

म्हणजे चार जणांचं उत्पन्न गेलं. उद्या आणखी जाईल. तो मुंबईला जाणार की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

"दोघांक दोन बादले," ती म्हणाली. "आनी तेंका सांग, न्हाणयेच्या शिळेर बसान न्हावा. पाणी केळींक जाऊक व्हया."

देवेशनं दोर ओढला. सांडलेलं पाणी पाटातून अळवाकडे निघालं होतं. रहाट वाजला नाही.